भावाने मिठी मारली, बहीण थांबली: बॉथम जीन प्रकरण

डॅलसच्या कोर्टातली ती मिठी तुम्ही बहुधा पाहिली असेल. २ ऑक्टोबर २०१९ ची गोष्ट. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसलेला अठरा वर्षांचा ब्रँट जीन समोरच्या बाईला सांगतो की मी तुला माफ करतो. ती बाई म्हणजे त्याच्या मोठ्या भावाचा, बॉथमचा, जीव घेणारी पोलीस अधिकारी, अँबर गायगर. बोलता बोलता तो शर्टाची कॉलर ओढतो, थांबतो, न्यायाधीशांकडे वळून विचारतो, 'शक्य आहे की नाही माहीत नाही, पण मी तिला मिठी मारू का? प्लीज.' आणि पुन्हा एकदा, 'प्लीज.' न्यायाधीश टॅमी केम्प हो म्हणतात. गायगर धावत पुढे येते आणि दोघं बराच वेळ एकमेकांना धरून उभे राहतात. कोर्टात हुंदके ऐकू येतात.

ती क्लिप जगभर फिरली. त्याच खटल्यात ब्रँटची मोठी बहीण अलिसा चार्ल्स-फिंडली हीसुद्धा साक्षीला उभी राहिली होती, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिलं. मेलेला भाऊ दोघांचा एकच, घर एकच, देवही एकच. तरी धाकट्याने जे तेरा महिन्यांत केलं ते बहिणीला जमलं नव्हतं, आणि तिने ते लपवलंही नाही. मला या प्रकरणात मिठीपेक्षा या दोघांमधलं अंतर जास्त बोलकं वाटतं. मिठीवर पुष्कळ लिहून झालंय.

त्या रात्री काय घडलं

बॉथम जीन कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावरचा. आर्कान्सामधल्या हार्डिंग विद्यापीठात शिकला आणि डॅलसला प्राइसवॉटरहाउसकूपर्स या हिशेबतपासणीच्या कंपनीत नोकरीला लागला. वय २६. चर्च ऑफ ख्राइस्ट पंथाच्या बहुतेक चर्चमध्ये वाद्यं नसतात. एकजण पुढे उभा राहून सूर धरतो आणि बाकीचे मागून उचलतात, आपल्या भजनी मंडळातल्या बुवांसारखं. बॉथम हे काम करायचा. त्याचा गातानाचा व्हिडिओ पुढे कोर्टात लावला गेला.

६ सप्टेंबर २०१८, गुरुवार. रात्री दहाच्या सुमारास तो आपल्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर टीव्ही लावून व्हॅनिला आइस्क्रीम खात बसला होता. फ्लॅट नंबर १४७८, चौथा मजला. गायगर बरोब्बर त्याच्या खाली, तिसऱ्या मजल्यावर १३७८ मध्ये राहायची. साडेतेरा तासांची ड्युटी करून ती परतली, पार्किंगमध्ये गाडी तिसऱ्याऐवजी चौथ्या मजल्यावर लावली आणि तशीच वरच्या फ्लॅटच्या दारात येऊन उभी राहिली. बॉथमच्या दाराबाहेर लालभडक पायपुसणं होतं, तिच्या दाराबाहेर तसलं काही नव्हतं. दार नीट बसलेलं नव्हतं, ते उघडलं. आत कुणीतरी आहे, आपल्या घरात चोर शिरलाय, असं तिने धरलं. दोन गोळ्या झाडल्या, त्यातली एक छातीत लागली. नंतर ९११ या तातडीच्या मदतीच्या नंबरवर बोलताना ती पुन्हा पुन्हा एकच सांगत राहिली: मला वाटलं, माझंच घर आहे.

ती गोरी, तो काळा. अमेरिकेत पोलिसांच्या हातून काळी माणसं मरण्याचा जो इतिहास आहे, त्यात हे प्रकरण पहिल्या दिवसापासून ओढलं गेलं आणि ते साहजिकच होतं. पण भावंडांच्या दुःखाचा विचार करायचा तर त्या गोळीच्या नंतर काय काय झालं तेही मांडावं लागतं. गायगरला अटक झाली तीन दिवसांनी, तीही सदोष मनुष्यवधाच्या सौम्य आरोपाखाली, आणि लगेच जामीनही मिळाला. १३ सप्टेंबरला डॅलसजवळ अंत्यविधीची प्रार्थना झाली, तर त्याच दिवशी बॉथमच्या घराच्या झडतीत थोडा गांजा सापडल्याची कागदपत्रं बाहेर आली आणि बातमी झाली. आपल्याच घरात बसून मारला गेलेला माणूस, आणि झडती त्याच्या चारित्र्याची! सेंट लुशियामध्ये त्याला मूठमाती दिली गेली २४ सप्टेंबरला. गायगरला नोकरीतून काढलं तेही त्याच दिवशी. खुनाचं आरोपपत्र ग्रँड ज्युरीकडून (आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांकडून) यायला ३० नोव्हेंबर उजाडला.

या घरासमोर माफीचा प्रश्न आला तो असा. ट्रिगर दाबणारं बोट एक, पण नंतरच्या अपमानाला कितीतरी हात लागलेले. ब्रँटने माफ केलं ते त्या बोटाच्या मालकिणीला. बाकीच्यांचं काय, हा हिशेब त्याने मांडलाच नाही. बहिणीने आणि आईने तो मांडला. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या त्याची सुरुवात बहुधा इथे आहे.

खटला, शिक्षा आणि बोलण्याचा क्रम

खटला २३ सप्टेंबर २०१९ ला सुरू झाला. सरकारी पक्षाने पहिली साक्षीदार म्हणून अलिसालाच उभं केलं. भाऊ कसा होता, हे ज्युरीला सांगायचं काम बहिणीचं. बचाव असा होता की गैरसमजातून, आत्मरक्षणासाठी गोळी झाडली. आपल्या घरात घुसणाऱ्यावर बळ वापरण्याचा हक्क टेक्सासचा कायदा देतो, आणि तो मुद्दाही विचारात घ्यायला न्यायाधीशांनी ज्युरीला मुभा दिली. घर मुळात तिचं नव्हतंच, तरी! ज्युरीने तो मानला नाही. १ ऑक्टोबरला गायगर खुनाची दोषी ठरली.

मग शिक्षा. टेक्सासमध्ये खुनाला पाच ते नव्याण्णव वर्षं किंवा जन्मठेप. सरकारी पक्षाने किमान २८ वर्षं मागितली. आकड्यामागे कारण होतं: बॉथम जिवंत असता तर २९ सप्टेंबरला, ऐन खटल्यात, २८ वर्षांचा झाला असता. याच टप्प्यावर वडील बर्ट्रम जीन यांनी रविवारांबद्दल सांगितलं. रविवारी चर्चहून आल्यावर मुलाचा फोन यायचा आणि ते त्याची वाट बघत बसायचे. तो रविवार आता उरला नाही, हे सांगताना ते कोसळले. अलिसानेही सांगितलं की वडील पूर्वीचे राहिले नाहीत, त्यांच्या डोळ्यांतला उजेडच गेलाय. ज्युरीने दहा वर्षं दिली. कोर्टाबाहेर जमलेले लोक संतापले.

ब्रँट बोलला तो याच्यानंतर. टेक्सासच्या कायद्यात पीडिताच्या नातेवाइकांना आरोपीशी समोरासमोर बोलायची जी संधी मिळते ती शिक्षा सुनावून झाल्यावर. म्हणजे त्या मिठीने शिक्षा एका दिवसानेही कमी झालेली नाही. कितीतरी लोक आजही धरून चालतात की भावाने माफ केलं म्हणून तिला कमी शिक्षा झाली. क्रम उलटा आहे. तसं बघितलं तर आपल्याकडेही खून हा आपसात मिटवता येणारा गुन्हा नाही. घरच्यांनी माफ केलं तरी सरकार खटला चालवतंच. घरच्यांची माफी आणि राज्याची शिक्षा ही दोन खाती वेगळी ठेवलेली आहेत, आणि ते दुःखात असलेल्या माणसाच्या भल्याचंच आहे. माफ केलं तर गुन्हेगार सुटेल या धाकाखाली कुणालाही धड माफ करता येणार नाही, आणि धड रागावताही येणार नाही.

ब्रँटचं बोलणं नीट ऐकायला हवं. तो म्हणाला: 'तू खरंच दिलगीर असशील तर, मी माझ्यापुरतं बोलू शकतो, मी तुला माफ करतो.' माझ्या भावासारखी तूही मरावंस असं मी म्हणणार नाही. तुझं भलं व्हावं असं मला वाटतं. हे मी माझ्या घरच्यांसमोर कधी बोलणार नव्हतो, पण तू तुरुंगातसुद्धा जाऊ नयेस असं मला वाटतं. तुझं जीवन ख्रिस्ताला दे, बॉथमलाही हेच हवं असतं.

एवढ्याशा बोलण्यात तीन कुंपणं आहेत. पहिलं, दिलगीर असशील तर. खटल्यात साक्ष देताना गायगर रडली होती. माझ्याऐवजी त्याच्या हातात बंदूक असती आणि मीच मेले असते तर बरं, असं म्हणाली होती. त्यानंतरच्या दिवसांतल्या एका मुलाखतीत ब्रँटने सांगितलं की हे 'सॉरी' ऐकायला तो वर्षभर थांबला होता. दुसरं कुंपण, घरच्यांना हे ठाऊक नव्हतं. घरात चर्चा होऊन, सगळ्यांचं मिळून काही ठरलं आणि धाकट्याला पुढे केलं, असा हा प्रकार नाही. आईवडिलांनी आणि बहिणीने ते सगळ्या जगासोबतच ऐकलं. आणि तिसरं: मी माझ्यापुरतं बोलतो.

लोकांनी नेमकं हेच वाक्य ऐकलं नाही. अठरा वर्षांच्या पोराला कळलं होतं की दुसऱ्याच्या वाटची माफी आपल्याला देता येत नाही. मोठमोठ्या संपादकांना ते कळलं नाही. 'जीन कुटुंबाने माफ केलं' असे मथळे आले. त्याच मुलाखतीत ब्रँटने असंही सांगितलं की माफ करण्यापर्यंत पोचायला प्रत्येकाच्या आपापल्या पायऱ्या असतात, माझ्या कदाचित इतरांपेक्षा लवकर चढून झाल्या. बहिणीचा पायगुंता होऊ नये याची काळजी त्यात दिसते.

आईवडिलांचं म्हणणं आणखी वेगळं. बर्ट्रम यांनीही माफ केल्याचं सांगितलं, कधीतरी तिचा मित्र व्हायला आवडेल इथपर्यंत ते गेले. आई ॲलिसन यांचा सूर तसा नव्हता. त्या सेंट लुशियाच्या सरकारी सेवेत वरिष्ठ पदावर राहिलेल्या बाई. कोर्टाबाहेर त्यांनी सांगितलं की ख्रिस्ती म्हणून क्षमा आम्हाला बरं करते, पण कृत्याचे परिणाम असतातच. दहा वर्षं तिला विचार करायला आणि आयुष्य बदलायला मिळालीत. आणि मग पाठोपाठ डॅलस पोलिसांच्या कारभारावर तुटून पडल्या: पुराव्यांची हेळसांड, आतली घाण, ती साफ करा. क्लिप बनवणाऱ्यांना हे भाषण उपयोगाचं नव्हतं.

मिठीनंतरचा गदारोळ

न्यायाधीश केम्प खाली उतरल्या, त्यांनी जीन कुटुंबाला मिठी मारली, मग गायगरलाही, आणि स्वतःचं बायबल तिच्या हातात दिलं. यावर न्यायाधीशांविरुद्ध तक्रार झाली, ती पुढे फेटाळली गेली. माझ्या मते तक्रारीत दम होता. भावाने मिठी मारणं हा त्याचा खासगी हक्क. न्यायासनावरून उतरून तेच करणं वेगळं. तिथे पाहणाऱ्याला वाटतं की आता कोर्टानेही माफ केलं.

कृष्णवर्णीय अमेरिकनांमधून जो राग उसळला तो ब्रँटवर कमी आणि टाळ्या वाजवणाऱ्यांवर जास्त होता. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या कन्या बर्निस किंग यांचं म्हणणं थोडक्यात असं की वर्णद्वेष मिठ्या मारून जात नाही. यामागे दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहरात चार वर्षांपूर्वी घडलेलं होतं. १७ जून २०१५ ला तिथल्या इमॅन्युएल चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्या नऊ जणांना एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घातल्या. दोनच दिवसांत जामिनाच्या सुनावणीला नातेवाईक उभे राहिले आणि एकेकाने 'माफ केलं' म्हटलं. तेव्हाही सगळा देश भारावला. त्यात मारल्या गेलेल्या डिपेन मिडल्टन-डॉक्टर यांची बहीण होती, बेथेन मिडल्टन-ब्राउन. ती म्हणाली होती की मी अजून घडतेय, मी फार रागावलेली आहे, हे कबूल करते. पण आमच्या घरात द्वेषाला जागा नाही, म्हणून माफ करावं लागतं. राग आणि माफी एका दमात. देशाने त्यातला दुसरा अर्धा तेवढा उचलला. काळ्या माणसाने मार खावा आणि वर मोठं मनही दाखवावं, ही अपेक्षा जुनी आहे. अलिसाला या अपेक्षेखालून बाहेर पडायचं होतं, आणि ते करताना सख्ख्या भावाची बाजूही सोडायची नव्हती.

ब्रँटलाही हे ओझं कळलं असावं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोलीस अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेने त्याला नैतिक धैर्याचा पुरस्कार दिला. समोर पोलीसच बसलेले. गोड गोड बोलून उतरता आलं असतं. तो प्रशिक्षणावर बोलला, थकलेल्या पोलिसाच्या हातून चुकीचे निर्णय होतात यावर बोलला, आणि तरुण काळा पुरुष म्हणजे धोका नव्हे, हे त्यांना ऐकवलं. ही क्लिप मिठीच्या क्लिपच्या पासंगालाही पुरली नाही.

भावंडाचं दुःख कुणाच्या खात्यात?

आपल्याकडे तरुण मुलगा गेला की घरात येणारा प्रत्येकजण मागे राहिलेल्या भावाला किंवा बहिणीला दाराशी गाठून काय सांगतो? 'आईला जप. आता तूच त्यांना.' स्वतः तुझं कसं चाललंय, हे विचारणारा क्वचित. फोन भावंडं करतात, दाखले भावंडं आणतात, दहाव्याची सोय, गुरुजी, आलेल्यांचा चहा, सगळं तेच बघतात. तेराव्यानंतर लोक पांगतात तेव्हा ज्याला रडायचं राहून गेलंय असा घरात एक हमखास असतो. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाची मांडणी केली, ज्याला समाज पुरती मान्यता देत नाही. भावंडांचं दुःख त्यात सहज बसतं. आईवडिलांचं दुःख पहिल्या रांगेत, जोडीदाराचं आणि मुलांचं त्याला लागून, भावंडं मागे खुर्च्या लावायला.

अलिसाची कोर्टातली साक्ष या अंगाने बघा. बहीण बोलतेय ती वडिलांच्या डोळ्यांबद्दल आणि घरच्यांच्या हालांबद्दल. मोठ्या मुलीचा हा ठरलेला पार्ट आहे, सेंट लुशियात काय आणि सांगोल्यात काय. तिला आपल्या पोटातलं बोलायला वेळ लागला. २०२३ मध्ये तिचं पुस्तक आलं, त्यात भाऊ गेल्याचं दुःख आणि माफ करण्याशी चाललेली झटापट तिने उघड मांडली. देवावर श्रद्धा असलेल्या बाईने हे लिहिणं सोपं नव्हतं. तिच्या पंथात क्षमा ही ऐच्छिक गोष्ट नाही, रोजच्या प्रार्थनेतच आहे: आम्ही जसं माफ करतो तसं तू आम्हाला कर. शिवाय जगाला ठाऊक असलेला माणूस म्हणजे तिचा धाकटा भाऊ, ज्याने ते चारचौघांत करून दाखवलंय. एका घरातल्या एकाने माफ केलं की न करणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात. याची श्रद्धा खरी, मग तुझी?

मानसशास्त्र इथे थोडं उपयोगी पडतं. क्षमेवर आयुष्यभर संशोधन केलेले एव्हरेट वर्दिंग्टन क्षमेचे दोन प्रकार करतात. एक ठरवून केलेली: मी सूड घेणार नाही, या माणसाशी माणूस म्हणून वागेन. दुसरी आतून आलेली: राग, कटुता, मनात चालणारं दळण खरंच ओसरणं. पहिली एका क्षणात होऊ शकते, दुसरीला वर्षं लागतात, आणि ती येईलच असंही नाही. वर्दिंग्टन हे हवेत बोलत नव्हते. त्यांची आई घरात घुसलेल्या चोराच्या हातून मारली गेली. मारेकऱ्याला माफ करायला त्यांना स्वतःचीच पद्धत कामी आली. पण आईचा मृतदेह ज्याने पाहिला त्या त्यांच्या भावाने २००५ मध्ये आत्महत्या केली, आणि तेव्हा हा क्षमेचा तज्ज्ञ स्वतःलाच माफ करू शकेना. परक्या मारेकऱ्यापेक्षा आपल्याच भावंडाचा मृत्यू त्यांना जास्त जड गेला.

या कसोटीवर ब्रँटने कोर्टात जे केलं ते निदान ठरवून केलेली क्षमा नक्कीच होतं. आतली किती होती ते त्याचं त्याला ठाऊक. आणि अलिसा? तिने सूड मागितला नाही, कुणाच्या मरणाची इच्छा केली नाही. ती काम करत राहिली. भावाच्या नावाने निघालेल्या संस्थेची ती अध्यक्ष. २०२१ मध्ये डॅलसच्या लमार रस्त्याच्या एका भागाला बॉथमचं नाव मिळालं. त्याच वर्षी टेक्सासमध्ये 'बोज लॉ' झाला. बॉथमला घरचे 'बो' म्हणायचे. तपास चालू असेपर्यंत पोलिसाने अंगावरचा कॅमेरा बंद करायचा नाही, हा त्यातला मुख्य नियम. हे सगळं रागातून उभं राहिलेलं आहे. राग धरला की माणूस आतून कुजतो, असं प्रवचनात सांगतात. काहीजण कुजत असतीलही. इथे रागाने विधिमंडळापर्यंत पायपीट केली.

इंदूरच्या वाटेवरची राखी

याच जातीचं एक उदाहरण आपल्या जवळचं आहे, त्याच्याशी ताडून बघावंसं वाटतं. केरळच्या पुल्लुवळी गावच्या ख्रिस्ती नन सिस्टर रानी मारिया मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला काम करायच्या. आदिवासी, शेतमजुरांना सावकाराच्या पाशातून सोडवणं, बँकेचं कर्ज आणि सरकारी योजना मिळवून देणं हे त्यांचं काम. ते गावातल्या बड्यांना खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये समंदर सिंग या तरुणाने त्यांना भोसकलं. अंगावर पन्नासहून जास्त जखमा. बस माणसांनी भरलेली, मध्ये कुणी पडलं नाही.

त्यांची धाकटी बहीण सेल्मी पॉलही त्याच धर्मसंघातली नन. समंदर सिंग तुरुंगात असताना स्वामी सदानंद नावाने ओळखले जाणारे एक ख्रिस्ती धर्मगुरू त्याला भेटत राहिले, आणि २००२ मध्ये राखीपौर्णिमेच्या सुमारास सेल्मी पॉल यांनी तुरुंगात जाऊन त्याच्या मनगटाला राखी बांधली. पुढे आईनेही त्याला भेटून त्याचे हात हातात घेतले. २००६ मध्ये तो सुटला, त्या कामी या कुटुंबाची साथ होती. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरात रानी मारिया यांना चर्चने 'धन्य' घोषित केलं, त्या सोहळ्याला समंदर सिंग हजर होता.

ब्रँटला तेरा महिने लागले, सेल्मी पॉल यांना सात वर्षं. त्या सात वर्षांत त्यांना कुणी कॅमेऱ्यासमोर उभं करून 'माफ केलं का' विचारत नव्हतं. मारेकरी तुरुंगात होता, मधल्या माणसाने दोन्हीकडे धीराने ये-जा केली, आणि राखी बांधण्याआधी त्या माणसात काय बदल झालाय हे बघायला अवकाश होता. जीन कुटुंबाला यातलं काहीच मिळालं नाही. शिक्षा झाल्यावर दोनच दिवसांनी, ४ ऑक्टोबरला, ज्याने खटल्यात रडत साक्ष दिली तो बॉथमचा शेजारी जोशुआ ब्राउन गोळ्या लागून मेला. पोलिसांनी त्याचा संबंध अमली पदार्थांच्या व्यवहाराशी जोडला. ज्या घराने पोलिसांचं एवढं पाहिलंय, त्या घराने त्यावर काय विश्वास ठेवावा?

शिवाय खटला काही संपेना. गायगरने अपील केलं, ते ऑगस्ट २०२१ मध्ये फेटाळलं गेलं. वरच्या कोर्टाने मार्च २०२२ मध्ये दाद दिली नाही. पॅरोलला, म्हणजे तिकडे शिक्षा पुरी होण्याआधी अटींवर कायमचं सुटायला, ती पात्र ठरली २९ सप्टेंबर २०२४ ला. तारीख पुन्हा वाचा: बॉथमचा वाढदिवस, तो ३३ वर्षांचा झाला असता. मुद्दाम कुणी केलेलं नाही, कायद्याचं गणित तसं बसलं. पण दरवर्षी त्या दिवशी भावाची आठवण काढणाऱ्या बहिणीला त्या वर्षी पॅरोलबद्दल बोलायला लागलं. जखमेवर खपली धरण्याइतका काळ मध्ये जाऊच दिला नाही, तर माफी लवकर का येत नाही असं विचारायचा अधिकार कुणाला राहतो?

आई आणि बहीण यांनी पॅरोलला उघड विरोध केला. यात ब्रँटचा अपमान झाला असं मला वाटत नाही. तो तुरुंग नको म्हणाला होता ते स्वतःच्या मनाबद्दल, आणि त्या दोघी बोलल्या त्या त्यांच्या मनाबद्दल. ऑक्टोबर २०२४ मध्ये पॅरोल मंडळाने तो नाकारला. पुढच्याच महिन्यात दिवाणी दाव्यात ज्युरीने गायगरने कुटुंबाला सुमारे ९८.६५ दशलक्ष डॉलर द्यावेत असा निकाल दिला. डॅलस शहर त्या दाव्यातून आधीच सुटलं होतं, आणि तुरुंगातल्या माजी पोलिसाकडे एवढा पैसा कुठून असणार! रक्कम कागदावरच राहणार हे उघड आहे. तरी बॉथमच्या जिवाची किंमत कुणीतरी अधिकृतपणे लावली, एवढं त्यातून हाती आलं.

गायगरची दहा वर्षं २०२९ मध्ये भरतात. त्याआधी पॅरोलचा प्रश्न पुन्हा येईल, आणि टेक्सासमध्ये मंडळाकडे पीडिताच्या घरातला प्रत्येकजण आपलं म्हणणं स्वतंत्रपणे पाठवू शकतो. जीन कुटुंबातून जाणारी पत्रं एकसारखी नसली तर मंडळाला त्याचं नवल वाटायचं कारण नाही, आणि आपल्यालाही नाही.